विटांच्या भिंतीवरचा पट

“आधी पायथा बघा, मग माथा.”

हनुमंत गुरुजींच्या तोंडात हे वाक्य इतकं बसलं होतं, की कळकवाडीतली शाळेत न जाणारी शेंबडी पोरंसुद्धा त्यांना लांबून पाहिलं की ‘पायथा आला, पायथा आला’ म्हणून ओरडायची. गुरुजींना त्याचा राग नव्हता. मेथीची जुडी घ्यायची तर ते आधी मुळांकडून बघायचे. कुणी नवं घर दाखवायला नेलं, तर घरमालक वरच्या स्लॅबकडे बोट करी आणि हे जोत्यापाशी वाकलेले असत. एका लग्नात नवरदेवाच्या पायताणाकडे बघत उभे राहिले, तेव्हा भिमाजी आबा भर मांडवात म्हणाले होते, “गुरुजी, फेटा वर हाय, वर!”

कळकवाडी म्हणजे औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून बसलेली वाडी. खाली इंद्रायणी भाताची खाचरं, वर कारवीचं रान. दिवेलागणीला पलीकडे लोणावळ्याच्या हॉटेलांचे दिवे एकेक करून लागतात, आणि वाडीतली निम्मी तरणी माणसं त्या दिव्यांखाली कामाला असतात. कुणी खोल्या झाडतं, कुणी गाडी चालवतं, कुणी चिक्कीच्या दुकानात खोकी भरतं. शाळा वाडीच्या तोंडाशी. दोन खोल्या, एक पडवी, पडवीच्या टोकाला चूल.

त्या चुलीवर झुंबरबाई खिचडी शिजवायची.

झुंबरबाईला अक्षर येत नव्हतं. जिथं सही तिथं अंगठा. नवरा गेल्यावर तिनं शाळेतलं हे काम धरलं, आणि मग तिच्या घरातली दोन पोरंही त्याच पडवीत येऊन बसली. लेकाची, पप्पूची, कोमल चौथीत, सत्यम दुसरीत. आजीच्या हातची खिचडी घरीही आणि शाळेतही, म्हणून सत्यम कुरकुरायचा. झुंबरबाई डाळ निवडता निवडता, तांदूळ धुता धुता, गुरुजी शिकवायचे ते सगळं ऐकायची. वर्षानुवर्षं तेच धडे. कवितांच्या चाली तिला पाठ झाल्या होत्या. पण कविता ऐकून काय, कान असला की झालं. खरं नवल घडलं ते खोक्यांच्या दिवशी.

गुरुजी तळेगाव दाभाड्याचे. तरणे होते तेव्हा पहिल्यांदा वाडीवर आले. आगगाडीनं लोणावळ्याला, तिथून जीपनं औंढ्यापर्यंत, आणि पुढं पायी. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. पहिल्या वर्षी त्यांच्या पाण्याचा पेला वेगळा असायचा. वाडीतल्या घराघरांत तो बाहेरच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असे. झुंबरबाईच्याही घरात असे. गुरुजी तो स्वतः उचलत, पाणी पीत, धुऊन परत तिथंच ठेवत, आणि पोरं शाळेत का आली नाहीत ते विचारत. तो पेला घरात कधी आला, कुणी आणला, हे कुणालाच आठवत नाही. कुणी त्यावर कधी बोललंही नाही. मधे त्यांच्या बदल्या झाल्या, खालच्या बऱ्या गावांत राहून आले, आणि मग कुणी मागत नसलेली ही वरची शाळा त्यांनी मागून परत घेतली. लोक म्हणाले, गुरुजींना डोंगराची हवा मानवते. झुंबरबाईला वाटायचं, अशा माणसाला काय मानवतं ते आपल्याला काय कळणार.

तर खोक्यांचा दिवस. स्तंभालेख नावाचा धडा होता. कागदावर उभ्या पट्ट्या काढायच्या. जेवढी संख्या मोठी तेवढी पट्टी उंच. पुस्तकात शहरातल्या पोरांच्या आवडीच्या खेळांच्या पट्ट्या होत्या. पोरं पुस्तकाकडे बघत होती आणि पुस्तक पोरांकडे. गुरुजींनी पुस्तक मिटलं. अनितानं, म्हणजे झुंबरबाईच्या सुनेनं, चिक्कीच्या दुकानातून रिकाम्या खोक्यांची पोती आणून दिली होती. ती त्यांनी पडवीत ओतली.

“तुमच्या घरची जनावरं सांगा. एक जनावर, एक खोकं. शेळ्या एकीकडे, म्हशी एकीकडे, गाई एकीकडे, कोंबड्या एकीकडे. खोक्यावर खोकं रचायचं.”

पोरांनी असा कल्ला केला की झुंबरबाईला भाताला आलेली उकळी ऐकू येईना. सत्यमनं म्हशींचा ढीग लावायला घेतला आणि निवडून निवडून मोठी खोकी उचलली.

“सत्यम, कोंबडीला लहान खोकं आणि म्हशीला मोठं का रे?” गुरुजींनी विचारलं.

“म्हस मोठी न्हाई का वो, गुरुजी?”

“मोजताना म्हैस आणि कोंबडी सारखीच. एक म्हणजे एक.”

“म्हशीला सांगा मग तसं,” सत्यम म्हणाला, आणि गुरुजी हसत हसत खाली बसले.

खोकी बदलली. ढीग उभे राहिले. आता वाचायचं. रेणुका पाचवीतली, सगळ्यांत हुशार. तिनं एका दमात सांगून टाकलं, “शेळ्या जास्त.”

गुरुजी ढिगांपुढे वाकले. नुसतं म्हणाले, “आधी?”

“पायथा!” सगळी ओरडली.

“मग?”

“माथा!”

पण कुणाला काही दिसेना. तेव्हा चुलीपाशी बसलेली झुंबरबाई पळी हातात धरूनच बोलली, “आरं, शेळ्या पायरीवर चढल्यात. म्हून उंच दिसत्यात. खाली आणा त्यास्नी. म्हशीच जास्त हायत.”

शेळ्यांचा ढीग खरंच पडवीच्या पायरीवर रचला होता. खाली आणला, तर म्हशी वर निघाल्या. गुरुजी चुलीपाशी आले. त्यांनी हात जोडले, थट्टेनं नाही.

“मावशी, तुम्ही स्तंभालेख वाचलात.”

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. पण तो शब्द तिनं घरी नेला. सुनेला सांगितला, लेकाला सांगितला, शेजारच्या भामाबाईला सांगितला. अक्षर न येणाऱ्या बाईला काहीतरी वाचता आलं होतं. त्या दिवसापासून ती भिंतीवरची कुठलीही जाहिरात, वर्तमानपत्राचा कागद, कशावरही उभ्या पट्ट्या दिसल्या की थांबायची. शेव बांधून आलेल्या कागदावर एकदा तशा पट्ट्या होत्या. तिनं तो कागद पुसून कोमलपुढे धरला आणि विचारलं, “हितं काय मोजलंय ते सांग. कोन जास्त ते म्या सांगते.”

थंडी सरता सरता केंद्रप्रमुख सुहास सर आले. भला माणूस. येताना पोरांना पेरू घेऊन आले. खिचडी खाल्ली, चव छान आहे म्हणाले, आणि मग गुरुजींना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. पडवीत हळू बोललेलं चुलीपाशी स्पष्ट ऐकू येतं.

“गुरुजी, अकरा पट आहे तुमचा. जूनला दहाच्या खाली गेला, तर ही शाळा खाली औंढ्यात मिळवतील. माझ्या हातात नाही काही.”

“पाचवीची दोन जातील. पहिलीत दोन यायची आहेत,” गुरुजी म्हणाले. “अकरा राहतील.”

“राहिली तर उत्तमच. बाकीची पोरं कुणी काढू नयेत म्हणजे झालं. लोणावळ्याची ती शाळेची व्हॅन आता औंढ्याच्या फाट्यापर्यंत येते म्हणे.”

“येते.”

सुहास सर गेले. गुरुजींनी त्या दिवशी खिचडी घेतली नाही.

शाळा गेली तर काय जाणार, हे झुंबरबाईला वेगळं सांगायला नको होतं. तिची चूल जाणार. लहान पोरांना खाली औंढ्याला उतरायचं, ओढा ओलांडायचा, संध्याकाळी चढून यायचं. आणि गुरुजी जाणार. निवृत्तीला थोडा काळ उरला होता त्यांचा; तो कुठल्या तरी अनोळखी शाळेच्या कोपऱ्यात घालवायचा.

गुरुजींनी मनाशी एक ठरवलं. शाळेला रस्त्याच्या बाजूनं विटांची भिंत होती. पंचायतीनं बांधली तेव्हा गिलावा करायचा राहून गेला तो राहूनच गेला. विटांचे थर उघडे होते, एकावर एक, वहीतल्या रेघांसारखे. वाडीत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या भिंतीवरून जाई. गुरुजी म्हणाले, “पट कमी होतोय हे मी तोंडानं सांगतो, ते कुणी ऐकत नाही. डोळ्यांनी दिसलं तर माणसाला वाटेल, अरे, आपली शाळा अशी जाऊ द्यायची का?”

त्यांचा माणसांवर असा विश्वास होता. पोरांना जे उमगतं ते मोठ्यांना का उमगू नये, असं त्यांना मनापासून वाटायचं.

झुंबरबाईनं गडद तांबडी काव कालवून दिली. पोरांनी रंगवायला घेतलं. एका सालाची एक पट्टी. एक थर म्हणजे दोन पोरं, कारण भिंत तेवढी उंच नव्हती. हे प्रमाण पोरांना समजायला दोन दिवस गेले.

“मग येक पोरगं उरलं तर?” आकाशनं विचारलं. तो पहिलीतला.

“तर अर्धा थर.”

यंदाचे अकरा म्हणजे साडेपाच थर. सत्यम भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला.

“गुरुजी, त्यो अर्धा कोन? म्या हाय का?”

“तू नाहीस. कुणीच अर्धं नसतं रे.”

“मंग रंगवता कशापायी?” सत्यमनं विचारलं.

चार दिवसांत भिंत भरली. डावीकडून जुनी सालं, उजवीकडे फाटकापाशी यंदाचं साल. पोरांनी प्रत्येक पट्टी जमिनीपासून थर मोजत वर नेली होती. मोजणी बिनचूक होती. भिमाजी आबा काठी टेकत आले, थांबले, डोळ्यांवर हात धरून बघितलं.

“गुरुजी, तुमी तर म्हनत व्हता पट लय पडला. ही तर समदी येकाच उंचीची हायत की! बरी चाललीया शाळा.”

आणि गंमत अशी की आबा खोटं बोलत नव्हते. रस्त्यावरून बघितलं तर सगळ्या पट्ट्यांचे माथे जवळजवळ एका रेषेत होते. मागून दूधवाला गेला, तो म्हणाला, “झ्याक दिसतंय.” भामाबाई म्हणाली, “आमच्या नातवाला हितंच घालनार म्या. येवढी पोरं हायत मंजे!” तिचा नातू म्हणजे पहिलीत यायच्या दोघांमधला एक; दुसरा आबांचा नातू.

कोमल मात्र भिंतीपुढे खाली वाकून बसली होती. गुडघ्यावर हात, मान तिरकी.

“गुरुजी,” ती म्हणाली, “पायथा सरळ न्हाई.”

रस्ता फाटकाकडे चढत जातो. भिंतीचा वरचा काठ सरळ, पण पायथ्याची जमीन चढती. जुन्या सालांच्या उंच पट्ट्या खोल जागी उभ्या होत्या, आणि यंदाची बुटकी पट्टी चढावर. पडवीच्या पायरीवर चढलेल्या शेळ्यांचंच होतं हे. इतकी वर्षं तेच एक वाक्य सांगणारा माणूस स्वतःच्या भिंतीवर ते विसरला होता.

पोरं घरी गेली. गुरुजी समोरच्या दगडावर बसून राहिले. झुंबरबाई भांडी घासून आली तरी तसेच. ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं.

“ऱ्हाऊ द्या की, गुरुजी,” ती म्हणाली. “कोन वाकून बगतंय? लोकास्नी बरं वाटतंय. भामाबाई नातवाला घालते म्हनली.”

“बरं वाटतंय खरं.”

“मंग?”

“कोमलनं वाकून बघितलं, मावशी.” ते उठले. “मी हे असंच ठेवलं, तर तिला मी शिकवलं काय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रखमाजी गवंड्याकडून पाणी भरलेली नळी मागून आणली. फाटकापाशी जमीन जिथं सगळ्यांत वर, तिथून वीतभर वर पातळी धरून भिंतभर चुन्याची एक आडवी रेघ मारली. पोरांनी जुनी काव खरवडली, पाण्यानं धुतली, आणि त्या रेघेपासून पुन्हा थर मोजले. झुंबरबाईनं पुन्हा काव कालवली. 

पट्ट्या उभ्या राहिल्या तेव्हा पोरं मागं सरून बघू लागली. डावीकडची पट्टी भिंतीच्या काठाला टेकलेली. तिथून एकेक साल खाली, खाली, जसं डोंगरावरून उतरावं तसं. फाटकापाशी साडेपाच थर. जुनी काव विटांच्या अंगात मुरली होती ती पुरती गेली नव्हती. खोट्या पट्ट्या खऱ्यांच्या खालून फिकट दिसत होत्या.

पण धडा अजून संपला नव्हता. स्तंभालेख नुसता वाचायचा नसतो, त्यावरून विचार करायचा असतो, असं गुरुजी म्हणत. त्यांनी पोरांना भिंतीपुढे ओळीनं बसवलं.

“पुढच्या साली पट्टी कुठवर जाईल, सांगा बरं.”

रेणुकानं बोटांवर हिशेब केला. “पाच थर. न्हाई तर साडेचार.”

“त्याच्या पुढच्या साली?”

“आणिक खाली.”

“मग त्याच्या पुढं?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग सत्यमला एकदम सापडलं आणि तो आनंदानं ओरडला, “मंग नुसता पायथा!”

सगळी हसली. गुरुजीही हसले. उत्तर बरोबर होतं.

ही भिंत वाडीला वाचून कुणी दाखवली? गुरुजींनी नाही. त्यांनी ती फक्त रंगवून ठेवली आणि लोकांच्या मनात काही हलेल म्हणून वाट बघत राहिले. लोक थांबायचे, ‘ह्ये काय’ म्हणायचे, पुढं जायचे. भिंत वाचून दाखवली झुंबरबाईनं.

बचत गटाच्या बाया दर महिन्याला शाळेच्या पारावर बसत. त्या दिवशी हिशेब झाला, चहा झाला, आणि भामाबाईनं भिंतीकडे हात केला. “झुंबरे, ह्ये पुन्ना काय केलं गं? मागलं बरं हुतं.”

झुंबरबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे बसलेल्या बायांना ठाऊक नव्हतं आणि तिला ठाऊक होतं. तिनं पदर खोचला. चुलीतली एक काटकी घेऊन ती भिंतीपाशी गेली आणि गुरुजींच्याच आवाजात म्हणाली, “आदी पायथा बगा.”

बाया हसल्या. “आली बया मास्तरीन!”

“हसू नगा. ही पांढरी रेघ, ह्यो पायथा. समदी हितनंच मोजायची. आन् येक थर मंजी दोन पोरं.” ती डावीकडून निघाली. काटकी एकेका माथ्याला लावत, पायरी पायरीनं खाली येत, फाटकापाशी पोचली. “हितं कोमल पयलीत व्हती तवाचं साल. बगा किती व्हतं. आन् ह्ये औंदाचं. दर सालाला ह्ये आसं उतरत आलंय. पुढल्या साली हितं. मंग हितं. आन् मंग…” तिनं काटकी पांढऱ्या रेघेवर टेकवली.

ती वळली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. एकही चूक झाली नव्हती. एक अडखळणं नाही.

बाया हसत नव्हत्या.

अनिता मागच्या बाजूला बसली होती. दुकानातून नुकती आलेली, कपड्यांना गुळाचा वास. ती हळूच म्हणाली, “मंजे आत्याबाई, समदी आपली पोरं काडत्यातच.”

“व्हय, तसंच दिसतंय.”

“आन् आपून शेवटाला ऱ्हानार.”

झुंबरबाईच्या हातातली काटकी तेवढ्यात खाली आली. ती म्हणाली, “तसं न्हाई गं, आपून ऱ्हायलो तर—” पण पुढं काय, ते तिला भिंतीवर दाखवता येईना. भिंतीवर झालेलं होतं. राहिलो तर काय होईल, याची पट्टी कुणी काढली नव्हती.

पाडव्याला गुरुजी पोरं घेऊन घरोघर फिरले. दरवर्षीचा रिवाज तो: गुढ्या उभ्या राहायच्या आणि शाळेत नावं घालायची. पुढं आकाशच्या गळ्यात ढोलकी, मागं घोषणा. भामाबाईनं पोरांच्या हातावर साखरगाठी ठेवल्या आणि गुरुजींकडे न बघता म्हणाली, “आवंदा नातवाला मामाकडं ठेवनार, गुरुजी. लोनावळ्याला.” भिमाजी आबांनी बसायला घोंगडी टाकली, तब्येत विचारली, भाताच्या भावाचं सांगितलं, आणि नातवाचं काहीच बोलले नाहीत. तेव्हाच कळलं.

शेवटी झुंबरबाईचं घर. अनितानं चांगल्या कपांतून चहा आणला. पाहुण्यांसाठी ठेवलेले, निळ्या फुलांचे कप. झुंबरबाईनं ते बघितलं आणि ओळखलं. नकार द्यायच्या दिवशीच आपल्याकडे ते कप निघतात.

पप्पू खाली बघत बोलला, “गुरुजी, तुमी राग मानू नका. म्या तुमच्याच हाताखाली शिकलो. पर व्हॅन येतीया फाट्यापत्तुर. दोगास्नी घालायचं म्हनतोय.”

“राग कसला,” गुरुजी म्हणाले. “पप्पू, तुझी दोन राहिली ना, तरी अजून…”

ते थांबले. भामाबाईचा गेला, आबांचा गेला; ही दोन धरली तरी नऊच. हिशेब त्यांना पोरांपेक्षा लवकर जमत होता.

अनिता दाराला टेकून उभी होती. ती काही वाईट बाई नव्हती. खोकी तिनंच आणून दिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं सरळ होतं. “गुरुजी, भिंतीवर तुमीच काडलंय. आमी बगितलं. उद्या दोन-चार पोरांत माझी लेकरं येकटी पडायची, आन् मंग शाळा बंद झाल्यावर कुटं धावायचं मी? आत्ताच घातलेलं बरं न्हाई का? तुमीच सांगा.”

गुरुजींनी चहा संपवला. कप खाली ठेवला. “तुझं चुकतंय असं मला म्हणता येत नाही, अनिता,” ते म्हणाले.

ढोलकी बंद होती. कोमल उंबऱ्यात बसली होती. उठता उठता गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“आधी?”

“पायथा,” ती म्हणाली. आणि पुढं विचारायच्या आधीच रडायला लागली.

मे महिन्यात कागद आला. शाळा औंढ्याच्या शाळेत मिळवली. गुरुजींना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची एक मोठी शाळा दिली. तिथं वर्ग भरपूर होते आणि त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.

शेवटच्या दिवशी औंढ्याहून माणसं येऊन बाकं, फळे, घंटा टेम्पोत घालून घेऊन गेली. झुंबरबाईनं पातेली राखेनं घासून चकचकीत केली आणि मोजून दिली. चुलीतली राख उपसून तिनं शेवंतीच्या मुळाशी टाकली. आता हात मोकळे. मोकळे हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना.

गुरुजी भिंतीपाशी होते. चुन्यात बुडवलेली काडी हातात. साडेपाच थरांच्या पट्टीच्या पलीकडे, पांढऱ्या रेघेखाली, त्यांनी पुढचं साल लिहिलं. नीट, वळणदार आकडे. रेघेच्या वर काहीच नाही.

झुंबरबाई जवळ गेली. दोन महिने मनात ठेवलेलं तिनं बाहेर काढलं.

“गुरुजी, म्याच वाचून दावली ती भिंत. बचत गटाच्या बायास्नी. म्या वाचली न्हाई तर कुनाला कळलं नसतं.”

गुरुजींनी काडी डब्यात ठेवली.

“पायथ्यापासून वाचलीत?”

“व्हय.”

“एक थर म्हणजे दोन, हे सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मग बरोबर वाचलीत, मावशी.”

ते पुढं काही म्हणतील म्हणून ती उभी राहिली. चूक तुमची नाही, म्हणतील. नाही तर चूक तुमचीच, म्हणतील. कशानंही तिला बरं वाटलं असतं. पण गुरुजी हातांवरचा चुना पुसत राहिले. पुसला तरी नखांत राहिला. मग त्यांनी पडवीतून आपली पिशवी उचलली, तीच कापडी, पट्टा शिवलेला. किल्ली टेम्पोवाल्यांबरोबर आधीच गेली होती. कुलूप लावलेल्या दाराला त्यांनी एकदा हात लावून बघितला. झुंबरबाईनं पाणी आणून दिलं. ते उभ्यानंच प्यायले, आणि सवयीनं पेला विसळून परत दिला.

“येतो,” म्हणाले.

“या,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणतात?

फाटकातून ते बाहेर पडले. भिंतीच्या कडेनं, यंदाच्या सालाकडून जुन्या सालांकडे, उताराला लागले. वाटेत एकाही पट्टीकडे त्यांनी बघितलं नाही. रस्त्याला कुणी नव्हतं. उन्हानं माती पांढरी पडली होती आणि करवंदीच्या जाळीत कुठं तरी एक कावळा ओरडत होता. कोमल नव्या शाळेचे बूट पायात घालून सवय करायला बाहेर आली होती. बूट चावत होते म्हणून ती भिंतीच्या टोकाला एका पायावर उभी होती.  झुंबरबाई तिच्याजवळ येऊन थांबली.

जिथं रस्ता एकदम खाली वळतो, तिथं गुरुजींचे पाय आधी दिसेनासे झाले. मग पिशवी, मग पाठ. डोकं तेवढं बराच वेळ उन्हात दिसत होतं, आणि आजी-नात दोघी ते बघत होत्या.